निवटीचे तीन मार्क

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. ओहोटी लागली की आई खाडीवर, भरती आली की आई चुलीपुढे. बाबा आणि थोरला काका उन्हं बघून मिठागरावर. कोलशेतच्या त्या घराच्या मागच्या दारानं उतरलं की चार भातखाचरं, मग मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. परसात राखेचा ढीग, शेजारी पाट आणि पाटावर निवट्या चोळत बसलेली आई. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटाएवढा मासा. डोळे बेडकासारखे डोक्यावर आलेले आणि अंग इतकं बुळबुळीत, की राखेत घोळवल्याशिवाय हातात ठरत नाही. आई राख चोळायची त्याची खरखर आणि शेजारच्या मडक्यात अजून पाळी न आलेल्या निवट्यांच्या उड्यांची टपटप, हे दोन आवाज ऐकत मी पाढे पाठ केले. चैत्रात कैरी घालून त्यांचं कालवण व्हायचं. आलं-लसणाचं वाटण, सढळ हातानं तिखट आणि तव्यावरून थेट ताटात पडणारी तांदळाची भाकरी. आता डॉक्टरांनी माझं तिखट बंद केलं आहे. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी आहे, त्यामुळे त्याचं ऐकते असं मी नुसतं दाखवते.

गावातून हायस्कुलात जाणारी मी पहिली मुलगी. हे वाक्य मी आज ऐटीत लिहिते, पण तेव्हा त्यात ऐट कसली, रोजची कटकट होती. घरात थोरला काका कर्ता. त्याचा शब्द बाबा मोडत नसत. आई मोडायची, पण त्याला कळू न देता. मला ठाण्याच्या शाळेत घालायला तो तयार झाला तोच एका अटीवर. एक जरी यत्ता नापास झाली तर पाटी-पुस्तक बंद, आणि मुलगी दिल्या घरी. दिलं घरही ठरल्यात जमा होतं. डोंबिवलीजवळच्या मानपाड्याचं स्थळ होतं, भातशेतीवाले लोक, आणि दर सणाला त्यांच्याकडून काकाला 'पोरीचं काय' असा निरोप यायचा. मुलगा वाईट नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी एका लग्नात तो मला भेटला तेव्हा त्यानं मला खुर्ची दिली आणि बायकोची ओळख करून दिली. पण नववीत असताना मला तो साक्षात यमदूत वाटायचा. सकाळी आई आणि गावातल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन ठाण्याच्या बाजाराला निघायच्या, त्यांच्या मागून मी दप्तर घेऊन. बाजारापाशी त्या वळायच्या नि मी शाळेकडे. संध्याकाळी बाबा मिठागरावरून सुटून माजिवड्याच्या फाट्याशी माझी वाट बघत उभे असायचे, अंगावर मिठाची पांढरी पुटं तशीच. वर्गात माझ्या बाकावर कुणी फारसं बसायचं नाही. वास येतो म्हणत. येत असेलही. मला मात्र त्यांच्या डोक्यांना लावलेल्या तेलाचा वास यायचा आणि मी तसं त्यांना सांगितलंही होतं, म्हणूनही बाक रिकामा राहत असेल.

त्या वर्षी शाळेत जीवशास्त्र नव्यानं आलं. त्याआधी नुसतं आरोग्यशास्त्र असायचं, त्यात दात घासावेत नि खिडक्या उघड्या ठेवाव्यात असं लिहिलेलं. जीवशास्त्र शिकवायला देशिंगकर सर आले. मिरजेकडचे, उंच, हडकुळे, धोतरावर बंद गळ्याचा कोट. मुंगीच्या वाटेवर पाय पडू नये म्हणून वाकडं पाऊल टाकणारा माणूस. मासा त्यांनी आयुष्यात पुस्तकात आणि तक्त्यावर सोडून कुठे निरखून पाहिलेला नव्हता. बाजारातून जायची वेळ आली तर ते नाकाला रुमाल लावून, पण कुणाला वाईट वाटू नये म्हणून रुमालाआडून हसत जायचे. शिकवायचे मात्र असं, की घंटा झालेली आवडायची नाही. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, पितळी, लाकडी खोक्यात ठेवलेला, आणि खोक्याची किल्ली सरांच्या जानव्याला. एके दिवशी त्यांनी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि आम्हाला एकेकाला डोळा लावायला सांगितलं. माझा नंबर शेवटचा. मी पाहिलं तर आत विटांची भिंत बांधलेली, एकेका विटेत एकेक ठिपका. ज्या कांद्यानं रोज माझे डोळे झोंबत होते त्याच्या आत कुणीतरी इतकं नेटकं काम करून ठेवलं होतं आणि आमच्या घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मी डोळा काढेना. मागून सरांनी दोनदा हाक मारली. त्या दिवशी घरी जाताना मी रस्ताभर बाबांना पेशी समजावून सांगितल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिठाच्या खड्यातही विटा असतात का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न सरांना विचारला, तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले नि म्हणाले, कुणी विचारला हा प्रश्न, त्याला माझा नमस्कार सांग. मी बाबांना नमस्कार सांगितला. पुढे आठ दिवस बाबा फाट्याशी जरा ताठ उभे राहत.

आता एवढी गोडी असून मी वार्षिक परीक्षेत गटांगळी का खाल्ली, तर शास्त्राचा पेपर सगळा मिळून एक होता. जीवशास्त्राच्या जोडीला पदार्थविज्ञान आणि रसायन. हवेचा दाब मोजायच्या नळीत पारा वर का चढतो हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही, परीक्षेपुरतं सोडून, कळलं नाही. पास व्हायला पस्तीस लागत. पेपर दाखवायच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, माझ्या हातात पेपर आला त्यावर तेहतीस होते. मी पान उलटून जीवशास्त्राकडे गेले. जास्वंदीच्या फुलाच्या आकृतीला पैकीच्या पैकी. बेडकाच्या जीवनक्रमाला पैकीच्या पैकी. आणि 'मासा पाण्याबाहेर काढल्यास का मरतो, ते सकारण लिहा' या तीन मार्कांच्या प्रश्नावर तांबडी आडवी रेघ, शेजारी शून्य आणि सरांच्या बारीक अक्षरात शेरा: विचारले आहे तेवढेच लिहावे. मी लिहिलं होतं, की सगळे मासे मरत नाहीत. जे मरतात त्यांचे कल्ले सुकून एकमेकांना चिकटतात म्हणून मरतात. निवटी मरत नाही. ती ओहोटीला चिखलावर चालते, उड्या मारते, ऊन खाते. तिला पाण्यात कोंडून ठेवली तर मात्र ती मरते. सरांनी पहिलं वाक्य वाचून रेघ मारली असणार, कारण रेघ पहिल्या वाक्यापासून सुरू होऊन सरळ खाली गेली होती.

मी उभी राहिले. मी भांडखोर होते, आजही आहे. निकालाचं पत्रक सोमवारी हेडमास्तरांच्या सहीनं बंद होणार होतं आणि त्यानंतर त्यात देव जरी उतरला तरी बदल होत नसे. मी म्हटलं, सर, हे बरोबर आहे. सरांनी पेपर हातात घेतला, सगळं उत्तर पहिल्यांदाच पुरतं वाचलं आणि भुवया वर केल्या. "हिरा, मासा पाण्यात बुडून मरतो असं तू लिहिलं आहेस." वर्ग फिदीफिदी हसला. तेलवाल्या मुली सर्वांत जास्त. मी म्हटलं, निवटी मरते, आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "घरी ठाऊक असणं म्हणजे शास्त्र नव्हे. आणून दाखव. चिखलात जगलेली दाखव, मी मार्क देतो." हे ते इतक्या सरळपणे बोलले, की मला रडूही आलं नाही. घरी जायला निघाले तेव्हा मनात फक्त ओहोटीची वेळ होती.

पुनव जवळ आली होती, चार वाजता पाणी पार तळाला. आईला मी नापास झाल्याचं सांगितलं नाही. मास्तरांना निवट्या बघायच्या आहेत एवढंच सांगितलं. तिनं मला एकदा नीट न्याहाळलं, पदर खोचला आणि मडकं उचललं. बांधापलीकडे तिवराच्या झाडांच्या मुळ्या नि पुढे नुसता चिखल, मांडीपर्यंत गिळणारा. आई त्यावर अशी चालायची, की पाऊल पडलंय कुठे ते कळायचं नाही. निवटीचं बीळ दोन तोंडांचं असतं. एका तोंडातून टाच दाबायची आणि दुसऱ्या तोंडाशी हात धरायचा, निवटी आपण होऊन हातात येते. हे सांगायला सोपं. मी तासभरात दोन धरल्या, आईनं मडकं भरलं. त्यातल्या चांगल्या टणक अकरा मला काढून दिल्या, मडक्याच्या तळाशी ओला चिखल घातला, त्यावर तिवराची पानं, वर भिजवलेलं फडकं. "यान पानी घालू नको हां," ती म्हणाली. "फडकं तेवढं वलं ठेव. पानी घातलंस त मरतीन." हे तिनं मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं, की मी ऐकलंही न ऐकल्यासारखं केलं.

शुक्रवारी ते मडकं कमरेवर घेऊन मी शाळेत गेले. शिपाई दारातच अडवायला लागला, त्याला मी सरांचं नाव सांगितलं. सर प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या पुसत होते. त्यांनी फडकं उचलून आत डोकावलं, एक निवटी उडी मारून त्यांच्या कोटावर आली आणि ते दोन पावलं मागे सरले. मग हसले, तिला कागदानं उचलून परत आत टाकली आणि म्हणाले, उद्या सकाळी सगळ्या वर्गासमोर बघू, मडकं इथेच राहू दे. मला सांगायचं होतं, की सर, यात पाणी घालू नका. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण मास्तरांना अमुक करू नका असं सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती. काका तर म्हणायचा, मास्तर चुकला तरी आपण मान खाली घालावी, घरी येऊन हसावं. मी मान खाली घातली आणि घरी आले. आयुष्यात नको तिथे बोलून मी पुष्कळ गमावलं, पण न बोलून गमावलं असं हे एकच.

शनिवारी सकाळी वर्ग प्रयोगशाळेत गोळा झाला. टेबलावर माझं मडकं रिकामं, स्वच्छ धुतलेलं. शेजारी मोठी काचेची बरणी, काठोकाठ नितळ पाणी, वर घट्ट बसणारं काचेचं झाकण. आणि पाण्यात माझ्या अकराच्या अकरा निवट्या पोट वर करून, पांढऱ्याफटक. सरांचा चेहरा घरात रात्रभर कुणी आजारी असल्यासारखा दिसत होता. ते वर्गाकडे न बघता माझ्याशी बोलले. "हिरा, माझ्या हातून चूक झाली. ते जीव चिखलात तडफडताना मला बघवेनात. मी त्यांना धुऊन स्वच्छ पाण्यात ठेवलं. उडून बाहेर पडू नयेत, मांजरानं खाऊ नयेत म्हणून झाकण लावलं. तरी मेले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मासे मेल्याचं नव्हे. असे मासे मी रोज ताटात पाहत होते. माझा पुरावा मेला होता. आता मानपाडा, असंच माझ्या मनात आलं, अगदी शब्दाशब्दानं. मागे कुणीतरी हळूच हसलं. आणि मग सर जे बोलले होते ते माझ्या कानातून डोक्यात उतरलं. मी बरणीकडे बघितलं, पाण्याकडे, झाकणाकडे. "सर," मी म्हटलं, "पाण्यातच मेले."

 सरांनी झाकण काढलं, परत लावलं, परत काढलं. हसणारी मुलगी गप्प झाली, कारण तिलाही कळलं. त्या बरणीत अकरा मासे होते आणि ते पाण्यात गुदमरून मेले होते. माझ्या पेपरातलं शेवटचं वाक्य सरांनी स्वतःच्या हातानं खरं करून ठेवलं होतं. मला वाटलं आता ते तांबडी पेन्सिल काढतील. पण ते देशिंगकर सर होते. ते म्हणाले, की हे नळाचं गोडं पाणी, खाडीच्या माशाला ते सोसलं नसेल. म्हणजे बुडून मेले की गोड्या पाण्यानं मेले हे यावरून ठरत नाही. आणि चिखलात जगलेले तर मी पाहिलेच नाहीत. तेव्हा मला त्यांचा असा राग आला, की बरणी उचलून फोडावी. पुढे तीस वर्षं मी स्वतः जीवशास्त्र शिकवलं आणि ही गोष्ट दर वर्षी सांगितली. त्यात सर्वांत मोठं काय असेल तर सरांनी त्या क्षणी मार्क दिले नाहीत, हेच. ते म्हणाले, उद्या रविवार, मी दुपारी बारा वाजता तुमच्या खाडीवर येतो. मी आनंदानं मान हलवली आणि अर्ध्या वाटेवर आल्यावर मला आठवलं, की उद्या बाराला तर तुडुंब भरती.

रविवारी सर कोलशेतला चालत आले. छत्री, काखेत कापडी पिशवी, तोंड उन्हानं लाल. बांधापर्यंत पाणी लागलेलं, चिखल कुठे औषधाला नाही. काका नेमका जेवायला घरी आलेला होता. मास्तर दारात बघून तो आधी गडबडला, मग त्यानं कामाचं तेवढं विचारलं. पोर पास का नापास. सरांनी खोटं सांगितलं नाही. आज या घटकेला नापास आहे, दोन मार्कांनी, म्हणाले. काकानं हातातला तांब्या खाली ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. काका म्हणाला, ठरलं होतं तसं झालं, आता बोलायला काही उरलं नाही, मी सांजचाच मानपाड्याला माणूस धाडतो. मग आई आतून बाहेर आली. तिला सगळं त्याच क्षणी कळलं होतं, पण ती माझ्यावर नाही, सरांवर बरसली. "मास्तर, तुमी आता कनाला आलाव? भरती हाय. निवट्या बिलान बसल्यान. पानी निंगू दे, चार वाजतीन. तवर बसा." मग काकाकडे वळून ती म्हणाली, की भाऊजी, माणूस सांजचा धाडायचा ना, मग सांज होऊ दे.

सर ओटीवर बसले. चार तास. बाबांनी ताडगोळे सोलून दिले, ते सरांनी पहिल्यांदाच खाल्ले आणि रस कोटावर सांडला. मिठात पेशी असतात का हा प्रश्न यांचा, असं मी सांगितल्यावर सर उठून उभे राहिले आणि बाबांना त्यांनी खरोखरीचा नमस्कार केला. मग दोघं मिठाविषयी बोलत बसले. खड्याला कोन कसे येतात, पाणी कुठल्या वाफ्यात किती दिवस ठेवतात. काका दाराशी पाठ करून बसला होता, पण कान इकडे होते. अडीच-तीनच्या सुमाराला सरांना भूक लागली असणार, ते आईला म्हणाले, बाई, थोडी भाकरी मिळेल का. आईनं स्पष्ट सांगितलं, की आमच्या तव्याला मासळीचा वास येईल, तुम्हाला चालणार नाही. सर म्हणाले, येऊ दे. तिनं तवा तीनदा राखेनं घासला तरी वास जायचा नव्हता. भाकरी, कैरीच्या फोडी आणि आमच्या मिठागराचं मीठ. सरांनी दीड भाकरी खाल्ली. काका वळून बघत होता, हे मला दिसलं.

चार वाजता पाणी उतरलं. बांधावर आम्ही सगळे, आणि मागे काका, बघू तर खरं म्हणून आलेला. आधी नुसता चिखल चमकत होता. मग एक बुडबुडा, मग दोन डोळे, मग सगळीकडे डोळे. बघता बघता शेकडो निवट्या बाहेर आल्या. कुणी दोन परांवर सरकत होत्या, कुणी उड्या मारत होत्या, दोन नर तोंड उघडून एकमेकांवर धावत होते.  सरांनी चपला काढल्या, धोतर वर खोवलं आणि आई 'तिकडं नको' म्हणेपर्यंत चिखलात उतरून गुडघ्याच्या वर रुतले. आईनं आणि मी त्यांना खेचायला हात धरले तर म्हणाले, थांबा, थांबा, हलू नका. त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक निवटी बसली होती, गाल फुगवून. सरांनी कोटातून घड्याळ काढलं आणि तसेच रुतलेले, तिच्याकडे बघत राहिले. ऊन उतरायला लागलं. निवटी अधूनमधून कुशीवर लोळून अंग ओलं करायची आणि परत बसायची. पाऊण तास झाला तरी ती पाण्यात गेली नव्हती.

मग आम्ही त्यांना उपसून बांधावर घेतलं आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. पण वही माझ्यापुढे नाही धरली. ते आईकडे वळले. ही लोळते कशाला? गालात काय भरते? भरतीत बिळात बसून श्वास कशाचा घेते? आई आधी लाजली, मग सांगायला लागली. "गालान वारा भरतान, तो बिलान नेतान. म्या बिलान हात घातला का आदी बुडबुडं येतान, मंग निवटी." सर म्हणाले, बाई, हळू सांगा, लिहितोय. आणि तिचं वाक्य ती जसं बोलली तसंच त्यांनी लिहून घेतलं, आणि वाचून दाखवून बरोबर आहे ना, असं विचारलं. माझ्या आईनं सांगितलेलं तोवर कुणी कागदावर उतरवलं नव्हतं. बाजारात तिच्याशी सगळे घासाघीस करत, घरात तिचं कुणी ऐकत नसे, आणि इथे चिखलानं माखलेला एक विद्वान माणूस तिच्या पुढल्या शब्दाची वाट बघत थांबला होता. 

शेवटी सरांनी पिशवीतून माझा पेपर काढला. ते घरून निघतानाच तो बरोबर घेऊन आले होते. बांधावर उकिडवं बसून, गुडघ्यावर ठेवून, त्यांनी आपल्याच तांबड्या रेघेवर काट मारली, शून्य खोडलं, तीन लिहिले, सही केली. काका पुढे झाला. "मास्तर, पोर पास का नापास, येवढंच सांगा." सर म्हणाले, "पास, छत्तीस. आणि ऐका, मुलगी चुकली नव्हती, पेपर तपासणारा चुकला होता." काकानं जन्मात मास्तर चुकलेला पाहिला असेल, पण चुकलो म्हणणारा पाहिला नव्हता.  तो बाबांना म्हणाला, की मानपाड्याला निरोप तर धाडायचाच आहे, पण पोर शिकतेय, थांबायचं नसेल तर दुसरीकडं बघा, असा धाडतो. एवढं बोलून तो सरांच्या चपला उचलून पुढे चालू लागला, कारण सरांचे पाय चिखलानं भरलेले होते.

सर गेल्यावर आई परसात पाटावर बसली. कंदील लावला, राख जवळ ओढली, मडक्यातली एक निवटी हातात घेतली, पण चोळली नाही. तिचा गाल बोटानं उचलून ती आत बघत होती. अशा हजारो तिच्या हातून गेल्या असतील. "हिरा," ती म्हणाली, "तो मास्तर इचारत होता, वारा कुठं ठेवते ती. कापून दाखव मना." मी विळी पुढे ओढली. वर्गात अजून आम्हाला काहीच कापायला दिलेलं नव्हतं, मी फक्त तक्ता पाहिला होता. तरी मी कापली आणि दाखवायला लागले, हे कल्ले, हे काळीज, ही आतडी. माझ्या आयुष्यात मी घेतलेला जीवशास्त्राचा तो पहिला तास. वर्गात विद्यार्थिनी एकच होती, आणि तिनं मला मध्येच थांबवून तीन शंका विचारल्या, त्यातल्या दोहोंची उत्तरं मला आली नाहीत. मग आम्ही दुसरी कापली, मग तिसरी. कालवणाला त्या दिवशी फार उशीर झाला, आणि काका ताटावर बसून मुकाट्यानं वाट बघत राहिला.